रेंज जाण्याआधी उरकायची कामं

फोन चार्ज, पॉवर बँक, गाडीतला चार्जर, स्टँड. हे सांगावं लागत नाही, पुढे जाऊ.

नेट नसताना चालणारं नेव्हिगेशन ॲप निवडताना पहिला प्रश्न हा की ते फक्त नकाशा दाखवतं, की रस्ताही आखून देतं? दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी नेमका इथेच आपटलोय. नकाशा उतरवलेला होता, निळा ठिपकाही सरकत होता, पण रस्ता मागितला तर ॲप म्हणालं, इंटरनेट चालू करा. म्हणून मुख्य काम आधीच सांगतो आणि पुढेही सांगत राहणार आहे: निघण्याआधी, घरी बसून, नेट पूर्ण बंद करून, जिथे जायचंय तिथपर्यंतचा रस्ता आखून बघा. नकाशा दिसला म्हणून खूश होऊ नका.

आता ॲप कोणतं. बहुतेकांच्या फोनमध्ये गूगल मॅप्स असतंच आणि गाडीने मोठ्या रस्त्याने जायचं असेल तर ते पुरतंही. त्यात चौकोन ओढून तेवढा भाग उतरवता येतो. पण ऑफलाइन असताना ते गाडीचाच रस्ता देतं; पायी, सायकल, बस यांचे नाही. वाहतूक कोंडीही कळत नाही. शिवाय उतरवलेल्या नकाशाला मुदत असते, अपडेट केला नाही तर तो निघून जातो. मागच्या सहलीला घेतलेला आहेच की, असं गृहीत धरू नका, उघडून बघा.

पायवाटा, डोंगर, सायकल यांपैकी काही असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ॲप घ्या. 2004 साली सुरू झालेला हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक भरतात. त्यामुळे जिथे हौशी लोक फिरलेत तिथे पायऱ्या, झरे, जंगलातल्या वाटासुद्धा सापडतात आणि जिथे कोणी फिरकलं नाही तिथे अख्खी वस्ती रिकामी दिसते. घर क्रमांक आणि दुकानं यांच्या बाबतीत त्याच्यावर फार विसंबू नका. हा नकाशा वापरणाऱ्यांपैकी ऑरगॅनिक मॅप्स सोपं आहे: प्रदेश उतरवा, वापरा. ओएसएमअँडमध्ये वाटेल ते करता येतं, पण मेनूंचं जंगल आहे आणि फुकट आवृत्तीत डाउनलोड मोजकेच मिळतात. सेटिंग्जशी खेळायची आवड नसेल तर पहिलंच घ्या. आयफोनवर आयओएस 17 पासून ॲपलचे स्वतःचे नकाशेही उतरवता येतात. माझं मत विचाराल तर दोन ॲप ठेवा, आणि दोन्ही एकाच नकाशावर चालणारी नकोत. एकात रस्ता चुकीचा असेल तर दुसऱ्यातही तोच असून काय उपयोग?

नकाशा घेताना फक्त मुक्कामाचं गाव घेऊन थांबू नका, मधला सगळा पट्टा लागतो. प्रदेशाची हद्द ओलांडणार असाल तर दोन्हीकडचे नकाशे हवेत, नाहीतर रस्ता हद्दीपाशी येऊन तुटतो किंवा आखलाच जात नाही. जवळचा रस्ता हद्दीपलीकडून जात असेल तर लांबचा वळसा मिळतो, आणि तो वळसा आहे हे कळायलाही मार्ग नसतो. ‘फक्त वायफायवर डाउनलोड’ हे सेटिंग चालू असलं की मोबाइल डेटावर डाउनलोड गुपचूप थांबून राहतं. यादीत प्रत्येक नकाशासमोर पूर्ण झाल्याची खूण बघा. मोठे प्रदेश जागा खातात. आधी फोन रिकामा करा.

आता चाचणी. ही नीट वाचा, कारण अर्धवट चाचणी फसवते. फ्लाइट मोड लावा. मग वर वायफायची खूण गेली का ते बघा. काही फोनमध्ये फ्लाइट मोड लावूनही वायफाय चालूच राहतं आणि आपण समजतो ॲप ऑफलाइन चाललंय. ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. घराजवळचा रस्ता आखू नका. आधी पाहिलेला भाग फोन स्वतःजवळ तात्पुरता साठवून ठेवतो, म्हणून घराचा परिसर न उतरवताही छान दिसतो. मुक्कामाच्या ठिकाणी जा, अगदी गल्ली दिसेपर्यंत मोठं करा. मग नाव टाइप करून शोधा. नकाशा असूनही शोध चालत नाही असं होऊ शकतं. मग रस्ता आखा, घरापासून तिथपर्यंत. मग सुरुवातीचा बिंदू वाटेतला एखादा धरून पुन्हा आखा, कारण वळण चुकल्यावर ॲपला नेमकं हेच करायचं असतं. चालत जायचं असेल तर चालण्याचा रस्ता आखा, गाडीचा नाही. आता सूचना सुरू करून आवाज ऐका. अँड्रॉइडवर बोलणारा आवाज बऱ्याचदा ॲपचा नसून फोनचा असतो, आणि त्या भाषेचा आवाज वेगळा उतरवून घ्यावा लागतो. तो नसेल तर वळण गेल्यावर कळतं की कोणी बोललंच नाही. एवढं सगळं फ्लाइट मोडमध्येच. मध्ये नेट चालू केलंत तर पहिल्यापासून.

रेंज नाही म्हणजे जीपीएस नाही, असं अजूनही ऐकू येतं. तसं नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवत असतात, फोन तो फक्त ऐकतो. सिम नसलं तरी चालतं. नेटचा उपयोग पहिली जागा पटकन पकडण्यापुरता. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला 50 बिट इतक्या संथपणे पाठवतो. एका उपग्रहाची लागेल तेवढी ऐकायला सुमारे अर्धा मिनिट जातं, मध्ये झाड किंवा इमारत आली तर जास्त. नेट असलं तर फोन तीच माहिती क्षणात घेतो. म्हणून रेंज असतानाच ॲप उघडून ठिपका जागेवर आलाय ना ते बघा आणि मग निघा. रेंज गेल्यावर फोन बंद-चालू केलात तर मोकळ्या आकाशाखाली थोडा वेळ थांबायची तयारी ठेवा. टॅबलेट वापरणार असाल तर आधी चौकशी करा: फक्त वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतंच.

लोकेशनच्या परवानगीत ‘अचूक’ निवडलेलं हवं. आयओएस 14 आणि अँड्रॉइड 12 पासून ‘अंदाजे’ असाही पर्याय आहे आणि घाईत तोच दाबला जातो. मग ठिपका भलत्याच जागी बसतो. बॅटरी सेव्हर बंद ठेवा, काही फोनमध्ये स्क्रीन विझली की तो लोकेशनही बंद करतो.

मुक्कामाची जागा कोणी लिंक पाठवून कळवली असेल तर ती तशीच ठेवून निघू नका. छोटी लिंक उघडायला नेट लागतं. रेंज असताना उघडा, पिन ॲपमध्ये जतन करा आणि अक्षांश-रेखांशाचे आकडे वेगळे लिहून ठेवा. दशांश चिन्हानंतर पाच अंक पुरतात, साधारण एका मीटरपर्यंत जागा कळते. पेट्रोल पंप आणि दवाखाना यांच्याही पिना टाकून ठेवा. आणि या पिनांपर्यंतचा रस्ताही नेट बंद ठेवून आखून बघा. हो, परत तेच.

पैसे भरून घेतलेलं ॲप असेल तर लॉगिन तपासा. काहींना सदस्यत्व पडताळायला अधूनमधून नेट लागतं. आदल्या रात्री ॲप अपडेट करू नका. केलंत तर फ्लाइट मोडची चाचणी पुन्हा, सगळी.

बाकी भराभर. सोबतच्या माणसाच्या फोनमध्येही तेच नकाशे टाका. मोठ्या वळणांची नावं कागदावर लिहा. चालताना स्क्रीन विझवून ठेवा, सगळ्यात जास्त बॅटरी तीच खाते. गाडीत फोन उन्हात लावू नका, तापला की चार्जिंग थांबतं. एसीच्या झोतासमोर लावा.