दुकानाचं गुगलवरचं नाव कसं सांभाळावं: बडोद्याच्या रावपुऱ्यातून

माझा धंदा चणियाचोळी, केडियुं (पुरुषांचा गरब्याचा घेरदार अंगरखा) आणि नऊवारी भाड्याने देण्याचा. कपडे विकणाऱ्याचं गिऱ्हाइकाशी एकदाच वाजतं, आमचं दोनदा वाजू शकतं: नेताना आणि परत आणताना. वर डिपॉझिट. त्यामुळे गुगलवर मला इतरांपेक्षा जरा जास्तच ऐकून घ्यावं लागतं, आणि म्हणूनच असेल, चष्मेवाले काका, झेरॉक्सवाला, दांडिया बाजारातल्या क्लासच्या बाई, सगळे हा विषय घेऊन माझ्याकडेच येतात. त्यांना गल्ल्यावर बसून जे सांगते तेच इथे लिहिते.

सगळ्यात आधी दुकानाचं गुगलवरचं पान कोणाच्या जीमेलवर आहे ते बघा. पुष्कळ ठिकाणी ते भाच्याने नाहीतर कामावरच्या मुलाने आपल्या जीमेलवरून काढून दिलेलं असतं. भाचा आता पुण्याला, मुलगा दुसऱ्याच दुकानात. दुकानाच्या नावाचं वेगळं जीमेल काढा, मुख्य मालकी त्यावर घ्या आणि बाकीच्यांना फक्त मॅनेजर म्हणून जोडा. याला पूर्वी गुगल माय बिझनेस म्हणायचे, २०२१ पासून गुगल बिझनेस प्रोफाइल म्हणतात. ते फुकट आहे. पान कोणीच ताब्यात घेतलेलं नसेल तर दुकान आपलं आहे हे गुगलला पटवावं लागतं. कधी फोनवर कोड येतो, कधी पाटी, रस्ता आणि दुकानाची आतली बाजू दाखवणारा व्हिडिओ पाठवावा लागतो. पद्धत कोणती, ते गुगलच ठरवतं.

मग वेळा नीट करा. एक तारा देणारे बरेच जण मालावर चिडलेले नसतात. ते वाघोडियाहून दोघींना स्कूटरवर घेऊन आले आणि शटर खाली होतं, याचा तो राग असतो. नवरात्रात आम्ही गरबा सुरू होईपर्यंत उघडे असतो, दसऱ्याला अर्धा दिवस, उत्तरायणला म्हणजे संक्रांतीला बंद. सणासुदीच्या अशा वेळा वेगळ्या भरायची सोय पानावर आहे. सणाच्या आठवडाभर आधी त्या भरून टाका.

फोन नंबरावरही लक्ष ठेवा. तुमच्या पानात दुरुस्ती सुचवायची मुभा कोणालाही आहे: नंबर, पत्ता, अगदी 'दुकान कायमचं बंद' असंसुद्धा. दर सोमवारी दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाईलवर आपल्या दुकानाचं नाव शोधायचं आणि तिथे दिसेल त्या नंबरवर फोन लावायचा. आपला फोन वाजला की झालं.

आता मुख्य काम, उत्तर देणं. मला एकीने गुजरातीत लिहिलं होतं: 'मासीनो स्वभाव सारो छे, पण डिपॉझिट कापी लीधी.' दोन तारे. हे वाचून पहिलं उत्तर जे मनात येतं ते कधीच टाकायचं नाही. आधी पावत्यांची वही काढायची, त्या दिवशी काउंटरवर कोण होतं त्याला विचारायचं. आणि रात्री दुकान बंद केल्यावर उत्तर लिहायचं नाही, हा माझा नियम. दिवसभराचा शीण बोटांत उतरतो. सकाळी मी गुजरातीतच उत्तर दिलं, त्याचा मजकूर साधारण असा:

'नमस्कार. चणिया परत आला तेव्हा घेराला चिखल होता आणि एका बाजूची आभल्यांची पट्टी उसवली होती. चिखलाचे पैसे आम्ही घेत नाही, ड्रायक्लीन आमच्याकडेच असतं. पट्टी पुन्हा लावायचे तीनशे रुपये डिपॉझिटमधून घेतले. नेतानाचा आणि परत आल्यावरचा, दोन्ही फोटो दुकानात आहेत, येऊन बघा. दुपारी ३ ते ५ मी स्वतः असते.'

यात काय नाही ते बघा. 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' नाही, कारण तसं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, मालकाने रिव्ह्यू वाचलेलाच नाही. 'आमच्याकडे असं होऊच शकत नाही' हेही नाही. गिऱ्हाइकाचं पूर्ण नाव, नंबर, ती कोणाबरोबर आली होती, असलं काही नाही. आमच्या धंद्यात तर कमरेचं मापही वहीत असतं, आणि रागाच्या भरात 'तुमच्या मापाचं नव्हतं तरी ओढून घातलंत' असं लिहायला हात शिवशिवतात. लिहू नका. तिच्यापेक्षा ते उत्तर पुढच्या नवरात्रात येणाऱ्या दहा मुली वाचणार आहेत आणि प्रत्येकीला आपल्या मापाची धास्ती असते. रक्कम आणि कारण मात्र स्पष्ट लिहा. 'नियमानुसार कपात केली' या वाक्याने कोणाचंच समाधान होत नाही.

चूक आपली असेल तर उत्तर याहून लहान हवं: काय चुकलं, काय परत केलं किंवा करणार, कधी यायचं. नोकरावर ढकलू नका. पाटीवर त्याचं नाव नाही.

भाषेचं म्हणाल तर समोरच्याने ज्या भाषेत लिहिलं त्याच भाषेत उत्तर द्यावं. आपली मराठी मंडळीसुद्धा इथे रिव्ह्यू गुजरातीतच लिहितात, हा बडोद्याचा गुण. पण एखाद्या आजींनी नऊवारीबद्दल मराठीत दोन ओळी लिहिल्या तर त्यांना गुजरातीत 'आभार' म्हणणं बरं दिसत नाही. चांगल्या रिव्ह्यूलाही उत्तर द्या, पण एकच वाक्य सगळ्यांना चिकटवू नका.

खोटा रिव्ह्यू आला तर? तो आपल्याला पुसता येत नाही. गुगलकडे तक्रार करता येते, आणि तीही रिव्ह्यू नियमात बसत नसेल तरच: शिवीगाळ, जाहिरात, भलत्याच दुकानाबद्दलचा मजकूर, प्रतिस्पर्ध्याने किंवा कामावरून काढलेल्या माणसाने लिहिलेला मजकूर. 'मला हा रिव्ह्यू अन्यायाचा वाटतो' हे कारण चालत नाही. तक्रार फेटाळली तर एकदा अपील करता येतं, म्हणून अपिलाच्या वेळी नेमका नियम दाखवा, गाऱ्हाणं गाऊ नका. तोवर खाली शांतपणे लिहून ठेवा: 'या नावाची पावती आमच्याकडे सापडली नाही. पावती नंबर घेऊन आलात तर लगेच बघते.' खोटं लिहिणारा सहसा पावती घेऊन येत नाही.

वाईट रिव्ह्यूची भीती कमी करायचा खरा उपाय म्हणजे एकूण रिव्ह्यू वाढवणं. साधी सरासरी मांडून बघा. दहा रिव्ह्यू आणि ४.५ असताना एक तारा पडला की तुम्ही ४.२ वर येता. शंभर रिव्ह्यू असतील तर तोच तारा पडूनही ४.५ च दिसतं. म्हणून मागायला लाजू नका. मी क्यूआर कोडचं कार्ड गल्ल्यावर ठेवलंय आणि डिपॉझिट परत हातात ठेवतानाच विचारते. पैसे परत घेताना माणूस खुशीत असतो. कपडे नेताना विचारून उपयोग नाही, तेव्हा त्याने घातलेलेच नसतात.

पण रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देऊ नका आणि फक्त हसऱ्या चेहऱ्यांनाच निवडून विचारू नका. गुगलच्या नियमांत दोन्ही बसत नाही. नणंद, जाऊ, कामावरच्या मुली यांचे पाच तारेही नकोत. भारतीय मानक ब्यूरोनेही २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. ते ऐच्छिक आहे, पण विकत घेतलेले रिव्ह्यू त्यातही बसत नाहीत.

'गुगलमधून बोलतोय, तुमचे खराब रिव्ह्यू काढून देतो' असे फोन येतात. पैसेही नाही आणि ओटीपी तर नाहीच. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. वकिलाच्या नोटिशीबद्दलही काका विचारतात. अब्रूनुकसानी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, हे खरं. पण दोन ताऱ्यांसाठी गिऱ्हाइकाला नोटीस धाडणारा दुकानदार गल्लीभर गाजतो, आणि त्या नावाला मी तरी भिते.

तीच तक्रार तिसऱ्यांदा आली की उत्तर सुधारत बसू नका, काउंटर सुधारा. डिपॉझिटवरून सारखं वाजायला लागलं तेव्हा मी कपातीचे दर गुजराती आणि मराठीत छापून ट्रायल रूमच्या आरशाशेजारी लावले. आता कपडा देताना घेराचा आणि चोळीच्या पाठीचा फोटो काढून तिथल्या तिथे गिऱ्हाइकाच्याच व्हॉट्सॲपवर पाठवते. फाटलेलं आधीचं की नंतरचं, हा वाद बराच कमी झाला.

आणि गिऱ्हाइकाचं समाधान झालं तर तो आपला रिव्ह्यू बदलू शकतो. त्याला तसं एकदा सांगा, मागे लागू नका. त्याने दोनाचे चार तारे केले तर आपलं खालचं जुनं उत्तरही त्याच दिवशी बदला, नाहीतर वर कौतुक आणि खाली चिखलाचा हिशोब, असं विचित्र दिसतं.