मुलांना हजरत मुसअब यांची गोष्ट सांगताना

शनिवारी मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) नमाजनंतर मी शेजारपाजारची मुलं चटईवर बसवते. पैगंबर मुहम्मद (स.) यांचे साथी हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) यांची गोष्ट उहुदच्या लढाईपासून सुरू करू नका, अत्तरापासून करा. मक्केत त्यांच्यासारखा उंची पोशाख नि सुगंध क्वचितच कुणाचा. मुलांच्या मनगटाला थोडं अत्तर लावा, मग सांगा: ईमान आणल्यावर, म्हणजे इस्लाम स्वीकारल्यावर, आईनंच त्यांना कोंडून ठेवलं. सगळा ऐषाराम सुटला, ते मात्र हटले नाहीत.

हबश देशातली (आजचा इथिओपियाकडचा भाग) हिजरत, म्हणजे स्थलांतर, दोन वाक्यांत आटपा. मदिनेपाशी थांबा. पैगंबरांनी (स.) स्वतःच्या हिजरतीआधीच त्यांना तिथे कुरआन शिकवायला पाठवलं होतं. मदिनेतले एक सरदार उसैद बिन हुदैर त्यांना हाकलायला भाला घेऊन आले, तेव्हा मुसअब म्हणाले, बसून ऐका तरी. नाही पटलं तर आम्ही सांगणं थांबवतो. हे हळू आवाजात सांगा. त्यांची सारी ताकद त्या सौम्यपणात होती.

मग उहुद, इ.स. 625. हाती ध्वज, आणि शहादत, म्हणजे धर्मासाठी मरण. कफनाला एकच चादर: डोकं झाकलं की पाय उघडे, पाय झाकले की डोकं. मी आखूड ओढणी धरून दाखवते. पैगंबरांनी डोकं झाकायला आणि पायांवर इजखिर नावाचं सुवासिक गवत घालायला सांगितलं. इथे घाई नको. मुलं आपोआप मनगट हुंगतात. तेवढा वेळ गप्प राहा.