ओपनब्लास वापरणारा प्रोग्रॅम कोसळल्यास
ओपनब्लास या मॅट्रिक्सची गणिते वेगाने करणाऱ्या लायब्ररीने मॅट्रिक्सचा गुणाकार चालू असताना प्रोग्रॅम ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक) देऊन कोसळला, तर आधी डीबगरमध्ये बॅकट्रेस (कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांची साखळी) पाहावा आणि ओपनब्लासची थ्रेडसंख्या (एकाच वेळी समांतर चालणाऱ्या कामांची संख्या) 1 करून तो पुन्हा चालवावा. कोसळणे थांबले, तर थ्रेडचा अपुरा स्टॅक (त्याला मिळालेली तात्पुरती मेमरी) किंवा ओपनएमपी या समांतर थ्रेड चालवणाऱ्या प्रणालीशी होणारा संघर्ष तपासावा. न थांबल्यास, माझ्या मते, पूर्णांकांची रुंदी सर्वप्रथम पाहावी: लायब्ररी 64 बिटी पूर्णांकांसाठी बांधलेली असून प्रोग्रॅम 32 बिटी पूर्णांक पाठवत असेल, तर मॅट्रिक्सची मापे चुकीची वाचली जाऊन नेमून दिलेल्या मेमरीबाहेर वाचन-लेखन होऊ शकते, आणि ही विसंगती लिंकर (प्रोग्रॅमला लायब्ररी जोडणारे साधन) सहसा पकडत नाही. ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ (प्रोसेसरला न कळणारी सूचना) ही चूक आल्यास मात्र एव्हीएक्स-512 सारख्या, प्रोसेसरला नसलेल्या सूचनांचा संशय घ्यावा आणि अनेक प्रोसेसरांसाठी बांधलेल्या आवृत्तीत जुन्या प्रोसेसरचा कर्नल (त्या प्रोसेसरसाठी लिहिलेला गणिताचा कोड) सक्तीने निवडून पाहावा.