टीटी बाइक बांधताय? करवत सगळ्यात शेवटी काढा

ज्यांनी दोन-तीन वर्षं रोड बाइक चालवलीये, रविवारी त्र्यंबकला जाऊन येणं ज्यांच्या अंगवळणी पडलंय आणि आता गोव्याच्या हाफ आयर्नमॅनसाठी (पोहणं-सायकल-धावणं अशी शर्यत) किंवा नुसतीच हौस म्हणून टाइम ट्रायल (टीटी, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) बाइक बांधायचं ज्यांच्या डोक्यात बसलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एफटीपी (तासभर टिकवता येईल एवढी ताकद) काय असतं, क्लीट (बुटाखालची पेडलला अडकणारी पट्टी) कशी लावायची हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. येत नसेल तर अजून वर्षभर रोड बाइकच चालवा, खरंच काही बिघडत नाही.

आधी हवेचं गणित डोक्यात बसवून घ्या, कारण दुकानात गेलं की जो तो फ्रेमबद्दलच बोलतो. ताशी ३६ किलोमीटरचा स्पीड म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर, हिशोबाला सोपं. रोड बाइकवर ड्रॉप्स (हँडलचा खालचा वाकलेला भाग) धरून बसलेल्या माणसाचा सीडीए, म्हणजे हवेला तो किती अडतो त्याचा आकडा, ०.३२ च्या आसपास धरा, एरोबारवर (कोपर टेकून पुढे झोपायच्या दांड्या) नीट झोपलेल्याचा ०.२५. आपल्या नाशिकच्या उंचीवरची गरम हवा धरली, म्हणजे घनता साधारण १.०९, तर पहिल्याला नुसती हवा कापायला १७४ वॉट लागतात आणि दुसऱ्याला १३६. अडतीस वॉटचा फरक, तोही पाय तेच, माणूस तोच! ट्रेनिंग करून एवढे वॉट वाढवायला भल्याभल्यांचे सीझन जातात. आणि या सगळ्या अडथळ्यातला तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग तुमच्या शरीराचा असतो, बाइकचा नाही. म्हणजे दीड-दोन लाखांची फ्रेम घेतली आणि तिच्यावर ताठ बसून राहिलात, तर साध्या बाइकला क्लिप-ऑन एरोबार लावून झोपणारा तुम्हाला हात करून पुढे निघून जाईल.

१९८९ च्या टूर द फ्रान्सची गोष्ट सायकलवाल्यांना तोंडपाठ असते. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल, ग्रेग लेमाँड ५० सेकंद मागे आणि शेवटी टूर जिंकला ८ सेकंदांनी. त्याच्याकडे ट्रायथलॉनवाल्यांचे एरोबार होते, समोर आघाडीवर असलेला लॉराँ फिन्यों बुलहॉर्नवर (शिंगांसारखं साधं हँडल), डोक्यावर काही नाही, पोनीटेल वाऱ्यावर. एका दिवसाच्या निकालाला दहा कारणं असतात हे मान्य, पण बसायच्या पद्धतीची किंमत कळायला एवढं उदाहरण बास आहे.

आता मुद्द्याचं. टीटी बाइक बांधताना काहीही कापायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी कापा. स्टीअरर (फोर्कची हँडलकडे वर येणारी नळी), एक्स्टेन्शनच्या नळ्या (एरोबारच्या पुढे येणाऱ्या), ब्रेकचे होज (तेलाच्या नळ्या), गिअरच्या केबल, सीटपोस्टचं खालचं टोक, सगळं. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा, कारण यात मी अडकलो आणि त्यातून बाहेर यायला बाइकच्या किमतीच्या मानाने बरेच पैसे गेले.

होतं काय, की दुकानदाराला बाइक देताना ती देखणी द्यायची असते. फोटो काढायचा असतो ना. समोरून बघितलं की एकही होज लोंबकळता कामा नये, स्पेसरचा (हँडलखालच्या चकत्यांचा) मनोरा नको, कोपर टेकायचे पॅड एकदम खाली, सगळं कंपनीच्या जाहिरातीसारखं. माझी बाइक ज्या दुकानात बांधली तिथेही तेच झालं. उंची विचारली, चार्टमध्ये साइज बघितली, मी हो म्हटलं आणि तासाभरात स्टीअरर कापला, होज मोजून कापले, नळ्या कापल्या. बाइक दिसायला एक नंबर! आणि चालवायला? वीस मिनिटांत मान आखडायची, मग मी आपला बेसबार (ब्रेक असलेलं मुख्य आडवं हँडल) धरून ताठ बसायचो, म्हणजे रोड बाइकपेक्षाही वाईट. पॅड दोन सेंटिमीटर वर घ्यायचे म्हटलं तर आत केबल पुरेना. बेसबारच वर घ्यावा तर स्टीअरर कापलेला, आणि तो नसता कापला तरी होज पुरले नसते. म्हणजे दोन सेंटिमीटरसाठी नवीन होज, नवीन ऑलिव्ह (होजच्या टोकाची कडी), पुन्हा ब्लीडिंग (ब्रेकमधली हवा काढणं), आणि कापलेल्या स्टीअररला तर उपायच नाही, फोर्क बदला नाहीतर गप्प बसा.

हे नीट समजून घ्या कारण दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक गल्लत करतात. पॅड रायझर (पॅडखालचे ठोकळे) घालून वर घेतले की त्यांच्याबरोबर एक्स्टेन्शनही वर जातात, मग त्यांच्या टोकावरच्या शिफ्टरची (गिअर बदलायच्या खटक्याची) केबल किंवा वायर ताणली जाते, ब्रेकला काही होत नाही कारण ब्रेकचे लिव्हर बेसबारवर आहेत. बेसबार वर घेतला की मात्र होज ताणले जातात. म्हणून दोन्हीकडे स्लॅक ठेवायचा. शिवाय प्रत्येक उंचीच्या रायझरला वेगळ्या लांबीचा बोल्ट लागतो, तो बॉक्समध्ये एका छोट्या पिशवीत येतो आणि ती पिशवी हमखास कचऱ्यात जाते. ती पिशवी दुकानातून मागून घ्या. छोटा बोल्ट घालून "बसतोय की" म्हणणारा मेकॅनिक असेल तर बाइक उचला आणि घरी या, दोन आटे धरलेल्या बोल्टवर तुमच्या छातीचं वजन असणार आहे.

मग करायचं काय? सगळं लांब ठेवून बांधा. एक्स्टेन्शन पुढे हातभर आल्या तरी येऊ द्या, होजचा फुगा दिसला तरी दिसू द्या, स्टीअररवर वरच्या बाजूलाही स्पेसर ठेवा. लोक हसतील, हसू दे. मग बाइक ट्रेनरवर लावा, बाजूने मोबाइलने व्हिडिओ काढा, रोज थोडं थोडं झोपून बघा. फ्रेमचा स्टॅक-रीच (उंची आणि पुढची लांबी) एकदा साइज ठरवताना बघा, नंतर तुमच्या कामाचे आकडे दोनच, पॅड स्टॅक आणि पॅड रीच, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून (क्रँकचा आस फिरतो ती जागा) कोपर टेकायची जागा किती वर आणि किती पुढे. खरं तर फ्रेम घ्यायच्या आधीच एखाद्या बाइक फिटरकडून (शरीराच्या मापाने बाइक बसवून देणारा) हे दोन आकडे काढून घ्या आणि मग त्या आकड्यांत बसणारी फ्रेम शोधा, उंचीच्या चार्टवर जाऊ नका. एकाच उंचीच्या दोन माणसांची कंबर, मांडीमागचे स्नायू आणि पोट सारखं नसतं हो.

सीट पुढे घ्यायची, रोड बाइकपेक्षा बरीच, सीट अँगल ७६ ते ८० अंशांच्या मध्ये कुठेतरी येतो. का? कारण नुसतं पुढे वाकलं तर मांडी छातीला लागते, सीट पुढे घेतली की अख्खा माणूस बॉटम ब्रॅकेटभोवती पुढे फिरतो आणि कंबरेचा कोन तसाच मोकळा राहतो. क्रँक (पेडलचा दांडा) १७२.५ ऐवजी १६५ मिमी घेतला तर अजून मोकळं होतं, यावर ग्रुपवर भांडणं होतात, मला स्वतःला छोटा क्रँक आवडतो, विषय संपला. आणि सुरुवातीला मान दुखणारच, बसायची जागा सुन्न होणारच, घाबरू नका, पुढून आखूड किंवा मधे कापलेली टीटीची सीट घ्या आणि शरीराला काही आठवडे द्या. दोन-अडीच महिन्यांनी तीच पोझिशन आरामाची वाटते, माझा विश्वास बसत नव्हता पण वाटते. तेव्हा कापा. एका वेळी अर्धा सेंटिमीटर कापा. एक्स्टेन्शनची नळी आणखी कापता येते, वाढवता येत नाही.

बांधणीचं बाकी थोडक्यात सांगतो. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) नसेल तर कार्बनला हात लावू नका, बहुतेक बोल्टवर आकडा लिहिलेलाच असतो, बऱ्याच ठिकाणी ५ न्यूटन मीटर. सीटपोस्टला ग्रीस नाही, कार्बन पेस्ट, नाहीतर खड्ड्यागणिक सीट खाली सरकते आणि लोक क्लॅम्प आवळत जातात, तडा तिथेच जातो. सेकंडहँड फ्रेम बघायला गेलात तर पहिल्यांदा टॉर्च लावून तेवढी जागा बघा. आतून होज ओढायचा कंटाळवाणा प्रकार दोऱ्याने होतो, एका भोकातून दोरा सोडायचा आणि दुसऱ्या भोकाला घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावायचा, दोरा सुळकन बाहेर येतो, मग त्याला होज बांधून ओढा. होजवर फोमची नळी चढवायला विसरू नका, नाहीतर त्र्यंबक रोडच्या प्रत्येक खड्ड्यावर फ्रेम आतून खडखडते.

आणि घाम! हे कोणी सांगत नाही. एरोबारवर झोपलं की तोंड, नाक आणि हातांमधली इलेक्ट्रोलाइटची बाटली, सगळं बरोबर हेडसेटवर (हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगवर) ठिबकतं. ट्रेनरवर तर धारच लागते. वरचं बेअरिंग गंजून हँडल मधोमध अडकल्यासारखं वाटायला लागतं, आणि केबल-होज त्या बेअरिंगमधून जाणारे असतील तर शंभर रुपयांच्या कामासाठी अख्खं पुढचं उघडावं लागतं. ट्रेनरवर टॉवेल टाका, महिन्यातून एकदा बोल्ट पुसून ग्रीस करा.

सल्ला देणाऱ्यांबद्दल बोलतो, कोणी मनावर घेऊ नका. २०१५ ला आपल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजनांनी रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) पूर्ण केली तेव्हापासून नाशिकमध्ये सायकलीला जी हवा मिळाली ती मिळालीच, आणि लांब पल्ल्याचा अनुभव असलेली माणसं इथे भरपूर आहेत. त्यांच्याकडून खाणं, झोप, सीटवरच्या जखमा हे जरूर शिका. पण ६०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब राइड) आणि तासाभराची टाइम ट्रायल यांची बसण्याची गणितं वेगळी, त्यामुळे "मी तर असाच बसतो" हा सल्ला टीटीला लागू होईलच असं नाही. आणि व्हॉट्सअॅपवर फोटो बघून "अजून खाली घे" सांगणाऱ्याला एकच विचारा, तू स्वतः किती वेळ त्या पोझिशनमध्ये राहतोस? गप्प होतात.

पैसे कुठे घालायचे यावर माझं ठाम मत आहे. आधी फिटिंग, मग अंगाला चिकटून बसणारा सूट, मग हेल्मेट, मग चांगले टायर आणि लेटेक्स ट्यूब, मग चाकं, फ्रेम सगळ्यात शेवटी. फडफडणारी जर्सी घालून डिस्क व्हील (आऱ्यांऐवजी भरीव चाक) चालवणं म्हणजे छत्री उघडून पळण्यातला प्रकार. तसं लोक मागच्या डिस्कला घाबरतात ते उगाच, मागचं चाक स्टीअरिंगला फारसं ओढत नाही, आडव्या वाऱ्यात तुम्हाला फेकतं ते पुढचं खोल रिम. पुढे ८० मिमी घ्यायची घाई करू नका, ५०-६० पुरे.

चालवायचं कुठे? ही आपली खरी अडचण. एरोबारवर हात ब्रेकपासून लांब असतात, म्हणजे कुत्रं आडवं आलं तर आधी हात उचलून बेसबारवर न्यायचे, मग ब्रेक. तेवढ्यात ३६ च्या स्पीडने तुम्ही दहा मीटर पुढे गेलेले असता. म्हणून गावात झोपायचं नाही, ग्रुप राइडमध्ये तर अजिबातच नाही, कोणाच्या मागे चिकटून एरोबारवर बसणारा माणूस मला दिसला की मी ग्रुप सोडतो. त्र्यंबक रोड पहाटे, महिरावणीच्या पुढे मोकळा मिळतो, पण २०२७ च्या कुंभाची कामं चालू आहेत, कुठे खोदलेलं असेल सांगता येत नाही, आदल्या दिवशी गाडीवरून बघून या. श्रावणी सोमवारी, त्यातही तिसऱ्या, तिकडे फिरकूच नका, आणि ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी निघते तेव्हा त्र्यंबक ते सिन्नर रस्ता वारकऱ्यांचा, आपला नाही. दिंडोरीकडे द्राक्षांच्या सीझनला पिकअप आणि ट्रॅक्टर, ट्रॅक्टरच्या चाकाची वाळलेली माती रस्त्यावर पडते ती बारीक टायरला वाईट. समृद्धीवर सायकलला बंदी आहे, "पहाटे कोण बघतंय" म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

पावसाळ्यात त्र्यंबककडे जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर आणि चढही नकळत, येताना दोन्ही पाठीशी. परतीचा अॅव्हरेज बघून आपण लेमाँड झालो असं समजू नका, पॉवर मीटर नसेल तर जाऊन-येऊन दोन्ही मिळून वेळ बघा.

गोव्याला उतरणार असाल तर तिथे ९० किलोमीटर आहेत आणि पुढच्या सायकलपासून १२ मीटरचं अंतर ठेवायचं असतं, त्यामुळे त्याच पोझिशनमध्ये खाणं-पिणं आधी घरच्या रस्त्यावर जमवा. पंक्चरची तयारी वेगळी करा. खोल रिमला लांब व्हॉल्व्हची ट्यूब किंवा व्हॉल्व्ह एक्स्टेन्शन लागतं, डिस्कच्या छोट्या खिडकीत साधा पंप शिरत नाही, त्याला कोनातला अडॅप्टर लागतो. हे दोन्ही सीटच्या मागे बांधूनच निघा आणि एकदा घरी बसून चाक काढून, हवा भरून बघा, कारण अंजनेरीच्या फाट्यावरचा पंक्चरवाला कितीही मनमिळाऊ असला तरी त्याच्याकडे तो अडॅप्टर मिळणार नाही.