फोडलेली दुर्मीळ व्हिस्की वर्षानुवर्षं टिकवायची असेल तर

स्कॉटलंडमधली पोर्ट एलन ही व्हिस्कीची भट्टी १९८३ साली बंद पडली. त्याआधीची बाटली फोडली असेल, तर तिचा खरा शत्रू म्हणजे बाटलीतली रिकामी जागा. व्हिस्की जितकी कमी, तितकी आत हवा जास्त, आणि धुराचा, फळांचा वास आधी उडतो.

म्हणून बाटली अर्ध्यावर येण्याची वाट पाहू नका. उरलेली व्हिस्की ५० किंवा १०० मिलीच्या काचेच्या छोट्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा. प्लास्टिक नकोच. स्क्रूच्या झाकणाला आतून शंकूच्या आकाराचं अस्तर असेल तर उत्तम. वरून पॅराफिल्म (मेणासारखी, ताणली जाणारी पातळ पट्टी) ताणून गुंडाळा. बाटली धुतल्यावर पूर्ण कोरडी करा, पाण्याचा थेंबही राहू देऊ नका. चिठ्ठीवर नाव आणि तारीख लिहा.

मूळ बाटलीतच ठेवायची असेल तर आर्गॉन वायूचा फवारा मारा. तो हवेपेक्षा जड, थर धरून बसतो.

बाटल्या उभ्याच ठेवा, आडव्या ठेवल्या की मद्यार्क बूच खातो. जुनं बूच कधीही तुटतं, तेव्हा रिकाम्या बाटल्यांची चांगली बुचं धुऊन जपून ठेवा. जागा अंधारी, थंड हवी. मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात काचेच्या शोकेसमध्ये तर मुळीच नको.