घरची मंडळी कचरा वेगळा करत नाहीत? या चुका टाळा

सोसायटीत कचरा वर्गीकरण गळ्यात पडून सहा वर्षं झाली. माणसं बदलतात, चुका त्याच.

लाज काढणं. ही चूक माझीच. चाळीसपैकी अकरा घरं ओला-सुका वेगळा करत होती. चिडून मी लिफ्टशेजारी पाटी लावली: ‘२९ घरं कचरा वेगळा करत नाहीत. लाज वाटू द्या!’ महिन्याभरात अकराची आठ झाली. एक काकू म्हणाल्या, "एवढे जण करत नाहीत, मग मीच कशाला निवडत बसू?" बहुमत कुणाचं आहे, हे मीच त्यांना ठळक अक्षरांत कळवलं होतं! अमेरिकेतल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट, म्हणजे दगड झालेल्या लाकडांच्या उद्यानात, मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चिआल्डिनींनी नेमकं हेच तपासलं होतं. ‘अनेकांनी इथलं अश्मीभूत लाकूड नेलं’ या पाटीजवळ मुद्दाम पेरलेल्या तुकड्यांपैकी जवळपास ८ टक्के पळवले गेले. नुसतं ‘नेऊ नका’ लिहिलं तिथे २ टक्केही नाहीत. आता पाटीवर मी फक्त त्या महिन्यात नव्याने सुरुवात केलेल्या घरांचा आकडा लिहितो.

सुका डबा बाल्कनीत. ओल्या हाताने कुणी तिथवर जात नाही. दोन्ही डबे ओट्याखाली, चिकटून.

बक्षिसं. बंद झाली की वर्गीकरणही बंद. खिशाला चटका बसला तर फरक पडतो, पण तो जागच्या जागी बसायला हवा. आयर्लंडने २००२ मध्ये प्लास्टिकच्या पिशवीवर १५ सेंट लावले, वापर ९० टक्क्यांहून जास्त घटला.

प्लास्टिकवर बाणांचा त्रिकोण दिसला की सुक्या डब्यात टाकलं. त्यातला आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो, पुनर्वापराची हमी देत नाही. तुमच्याकडचा कचरा उचलणारा काय घेतो ते त्यालाच विचारा.

सुका डबा भरला म्हणून खूश होणं. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. मुळात घरात कमी आणायचं, हे कुणालाच नको असतं, कारण त्याचा फोटो निघत नाही. अन्नाचंच बघा: संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १.०५ अब्ज टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांतून. मी रविवारी डबा रिकामा करण्याआधी आत डोकावतो. जे सर्वांत जास्त दिसेल, ते पुढच्या खरेदीत निम्मं.

पहिल्याच दिवशी पाच डबे. रंगीत लेबलं लावणारे हे उत्साही वीर तिसऱ्या आठवड्यात त्याच डब्यांत छत्र्या ठेवतात. दोनच ठेवा. तिसरा दोन महिन्यांनी, तोही घरातल्यांनी मागितला तर.