मसाला लाटेची तयारी: आधी फडकं शोधा

सगळ्यात आधी कपाट उघडा आणि फडकं शोधा. पातळ, सुती, धुवट. चक्का टांगायला वापरता ते. सापडलं की ओट्यावर डोळ्यांसमोर ठेवा. नसेल सापडत तर पुढचं वाचत बसू नका, आधी ते आणा.

गेल्या कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध नेहमीप्रमाणे शेजारच्या काकूंकडे होतं. मी हौसेने जाहीर करून टाकलं की आमच्या घरच्या आठ माणसांसाठी मी लाटे करणार, म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी, गूळ-दालचिनीची, वरून जायफळ. जागायचंच आहे तर कॉफीच हवी, असा माझा मुद्दा. सामान सगळं होतं. गूळ-मसाल्याचा पाक गाळायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की फडकं श्रीखंडासाठी बायकोच्या माहेरी गेलंय आणि ते परत आलेलं नाही. चहाच्या गाळणीतून गाळला. भांड्यात अगदी स्वच्छ दिसत होता हो! कप वाटले, पहिला घोट सगळ्यांना आवडला. कप अर्ध्यावर आले तसे एकेकाचे चेहरे बदलले. काकू म्हणाल्या, "छान झालीये रे, पण यात राख पडली का कसली?" सासऱ्यांनी कप तिरका करून तळ बघितला, जिभेने कवळीखालचा एक कण काढून बोटावर घेतला आणि म्हणाले, "जावईबापू, ही प्यायची की खायची?" तळाशी बोटाच्या पेराएवढा तपकिरी गाळ होता, आणि तो नुसता गाळ नव्हता, बुळबुळीत होता.

तो बुळबुळीतपणा दालचिनीचा. तिची पूड गरम पाण्यात फुगते आणि चिकट होते, विशेषतः बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या जाड सालीची. मी घाईत सगळे मसाले मिक्सरमधून काढले होते, म्हणजे चूक तिथेच सुरू झाली. चहाच्या गाळणीची भोकं चहापत्तीच्या मापाची, पूड त्यातून मजेत खाली उतरते. चहात हे खपून जातं, कारण चहात आपण आलं-वेलची ठेचून टाकतो आणि तळाचा घोट कपात सोडायची आपल्याला सवयच आहे. लाटेत गोडी आणि मसाला तळाशीच असतो. शेवटचा घोट सोडला तर मग केलीत कशाला?

म्हणून मसाले ठेचायचे, दळायचे नाहीत. खलबत्ता काढा. आठ कपांसाठी दोन इंच दालचिनी, सहा हिरवे वेलदोडे सालीसकट, चार लवंगा, पाच-सहा मिरी आणि सुंठेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. लवंग चारच. पाचवी टाकलीत तर कॉफीला दातांच्या दवाखान्याचा वास येतो. दालचिनी शक्यतो पातळ पापुद्र्यांची, विडीसारखी गुंडाळलेली घ्या. ती बोटांनी चुरते आणि चवीला गोडसर असते. कोकणात कोणी ओळखीचं असेल तर नारळी-पोफळीच्या बागेतली मागवा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाची दालचिनीची जातही काढलेली आहे. अमेरिकेत 2003पासून दर पानगळीत स्टारबक्सच्या पम्पकिन स्पाइस, म्हणजे भोपळा-मसाला लाटेचा गाजावाजा होतो. त्यातला मसाला म्हणजे दालचिनी, आलं, जायफळ, लवंग, सगळा आपल्याच डब्यातला. आणि 2015पर्यंत त्यात भोपळा औषधालाही नव्हता.

ओलं आलं का नाही, हे विचाराल. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. कोमट-गरम दुधात आल्याचा ताजा रस घातला तर दूध चक्क दह्यासारखं थिजतं. चीनमध्ये ग्वांगडाँगकडे याच युक्तीने आल्याचं गोड दही लावतात. पाकात उकळलं की ते विकर मरतं, त्यामुळे ओलं आलं पाकात चालेल. दुधात नको. मला स्वतःला कॉफीबरोबर सुंठच आवडते, तिचा तिखटपणा घशात जरा उशिरा पोचतो.

पाक आदल्या दिवशी करा. 200 ग्रॅम गूळ किसून 200 मिली पाण्यात विरघळवायचा, ठेचलेले मसाले टाकून मंद आचेवर दहा मिनिटं उकळायचं. तारेच्या मागे लागू नका, लाडू वळायचे नाहीत. गॅस बंद करून झाकण ठेवून अर्धा तास मुरू द्या. आणि मग फडकं. वाडग्यावर फडकं दुहेरी पसरा, पाक कोमट असताना ओता, चारी टोकं गोळा करून पुरचुंडी करा आणि आपोआप गळू द्या. शेवटी हलकेच पिळा. जोर लावून पिळलंत तर फडक्यानेसुद्धा उपयोग नाही, गाळ धाग्यांतून बाहेर येतो. गुळातले उसाचे तुसही त्यात अडकतात, तेही बघाच. मला तर बघून धक्का बसला, इतकी वर्षं आपण काय काय पीत आलो!

फडकं नवीन असेल तर त्याची खळ आधी धुऊन काढा. जुनं असेल तर नाकाला लावून वास घ्या. कपडे मऊ करायच्या त्या सुगंधी पाण्यातून निघालेलं फडकं पाकाला गुलाबाचा वास देतं, आणि तो गुलाब चांगला नसतो. साध्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाका, पिळा, मग वापरा. ऐनवेळी हातरुमाल घेऊ नका. टिश्यू पेपर तर नकोच, तो फाटून पाकात जातो. कॉफी गाळायचा कागद चालतो, पण गुळाचा पाक त्यातून थेंब थेंब पडतो आणि दोन तास जातात. फडकंच.

पाक गार करून बाटलीत भरा, फ्रीजमध्ये दोनेक आठवडे टिकतो. गूळ असा वेगळा ठेवायचं दुसरं कारण सगळ्यांना माहीत आहे: उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटतं. हे मी तरी विसरलो नव्हतो.

कॉफी. इन्स्टंट चालते, कोणी काही म्हणो. कपाला दीड चमचा, 40 मिली गरम पाणी, झालं. साउथ इंडियन फिल्टर असेल तर उत्तम, फक्त तो संध्याकाळीच भरून ठेवा, थेंब थेंब उतरायला वेळ लागतो आणि मागे उभं राहून तो घाई करत नाही. चिकोरी, म्हणजे भाजलेल्या मुळाची पूड, मिसळलेल्या पावडरीचा डिकॉक्शन (फिल्टरमधून उतरलेला कडक अर्क) गुळाशी छान जमतो, रंगही दाट येतो. पण चिकोरीत कॅफीन नसतं, तेव्हा जागरणाचा हेतू असेल तर ते प्रमाण बघून घ्या. मोका पॉटवाल्यांनी, म्हणजे गॅसवर वाफेच्या दाबाने कॉफी काढायचं भांडं असलेल्यांनी, गणित आधी करा. आठ कपांना 40 मिलीप्रमाणे 320 मिली कॉफी हवी, आणि तीन कपांचं म्हणून मिळणारं भांडं एका वेळी साधारण 130 मिली देतं, कारण ते कप इटालियन मापाचे, छोटे. म्हणजे तीन घाणे. आधी काढून थर्मासमध्ये ठेवा. पाणी झडपेच्या खालपर्यंत, पावडर दाबायची नाही, आच मंद, आणि खुळखुळ आवाज आला की लगेच उतरवा, नाहीतर जळकट लागते. यातून निघते ती खरी एस्प्रेसो नव्हे. तिला 9 बारच्या आसपास दाब लागतो, इथे दीड-दोन बार मिळतो. मसाला आणि गूळ घातल्यावर हा फरक ओळखणारा माणूस आमच्या घरात तरी नाही.

दूध. लात्ते म्हणजे इटालियनमध्ये नुसतं दूधच, तेव्हा यात कंजुषी करू नका. कपाला 150 मिली धरून जवळपास सव्वा लिटर होतं, दीड लिटर आणा, कोणीतरी दुसरा कप मागतंच. कोजागिरीला घट्ट म्हशीचंच हवं असा घरातून आग्रह होईल. चवीला ते बरोबर आहे. पण फेस दुधातल्या प्रथिनांवर उभा राहतो आणि स्निग्धांश त्याला फारशी मदत करत नाही. 3 टक्के स्निग्धांशाचं टोन्ड दूध भसाभस फेसाळतं, 6 टक्क्यांचं फुल क्रीम आळस करतं. मी निम्मं-निम्मं घेतो. दूध फ्रीजमधून थेट काढलेलं हवं. सकाळी तापवलेलं असेल तर साय काढा, आणि तेही फडक्यातून… नाही, इथे गाळणी चालेल. सायीचा एवढासा तुकडा फेसात आला की फेस तिथून बसतो.

तापवताना उकळी आणायची नाही. 60 ते 65 अंश पुरे. थर्मामीटर नसेल तर भांड्याच्या कडेला वाफ दिसायला लागली, बारीक बुडबुडे आले आणि भांड्याला लावलेलं बोट दोन सेकंदांत मागे घ्यावं लागलं, की थांबा. 70च्या पुढे गेलं की फेस धरत नाही आणि दुधाला आटवल्यासारखा वास येतो. कच्चं पाकीट असेल तर आधी रीतसर तापवून, गार करून ठेवलेलं बरं.

फेसासाठी बॅटरीचा फ्रॉदर (दूध फेसाळायचं छोटं यंत्र) असेल तर सेल तपासा. नसेल तर फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे दांड्याला जाळी असलेल्या कॉफीच्या भांड्यात, दांडा वीस वेळा वरखाली करा. तोही नसेल तर ताक घुसळायची रवी घ्या, उंच पातेल्यात, पातेलं किंचित तिरकं धरून. मी थट्टा करत नाही, रवीचा फेस माझ्या फ्रॉदरपेक्षा बारीक येतो. झाकणाच्या बरणीत गरम दूध घालून हलवायचे व्हिडिओ दिसतात, ते करू नका, वाफेने झाकण उडतं.

जायफळ पाकात नको, त्याचा वास उकळीत उडतो. ते कपावर किसायचं, अख्खं जायफळ बारीक किसणीवर तीन-चार वेळा फिरवून, बास. बाळगुटीत त्याचा एकच वेढा का देतात ते आठवा. चमच्या-चमच्याने पोटात गेलं तर मळमळ, धडधड, भ्रम, सगळं होतं. आठ कपांना पाव जायफळसुद्धा उरतं.

आता जुळवणी: कपात मोठा चमचाभर पाक, म्हणजे 15 मिली, गोड खाणाऱ्याला 20. त्यावर कॉफी, ढवळा. मग दूध, चमच्याने फेस अडवून. वरून फेस. जायफळ. कप आधी गरम पाण्याने विसळलेले असतील तर बरं, नसतील तर राहू दे. गच्चीवर कप भरून नेऊ नका, जिन्यात निम्मा फेस सांडतो. कॉफीचा थर्मास, तापवलेलं दूध, पाकाची बाटली, रवी असं वर न्या आणि तिथेच करा. ज्यांना रात्री झोपायचंय त्यांना काकूंचं दूध.

निघायच्या आधी एकदा पाकाची बाटली उजेडापुढे धरा आणि उलटी करा. तळाला पूड सरकताना दिसली तर परत फडकं, परत गाळा, उशीर झाला तरी चालेल. चंद्र कुठे जात नाही.

काम झालं की फडकं लगेच गार पाण्यात टाका, गूळ वाळला की कडक होतं. धुऊन वाळत घाला, दोन चिमटे लावून, आणि माहेरी द्यायचं असेल तर दुसरं द्या.